टोपीतला गुराखी

गाय सुखरूप व्याली तर वसुबारसेला पहिलं पान गुराख्याला वाढीन, असा सगुणाकाकूंचा नवस होता. पण भिवा गुराख्याच्या पाटावर सरपंच धनाजीरावच येऊन बसले, रुंद काठाच्या टोपीत, बुटांसकट!

"त्या घोंगडीवाल्याला पहिला मान? मग आम्ही कोण?"

नवस मोडतो की काय, या धास्तीनं काकूंनी हळूच विचारलं, "पोशाख कुठला हो, भाऊसाहेब?"

"काउबॉयचा! अमेरिकेतला गुराखीच म्हणा!"

"अगंबाई, देवच पावला! व्याल्यापासून कपिला मारकी झालीय. पूजेला तिची शिंगं तेवढी धरा, मग पहिलं पान तुमचंच."

गोठ्यातून कपिला फुसफुसली. धनाजीरावांनी टोपी काढली. "ये रे भिवा, बस बाबा. आमची आपली फॅशन!"

बायांनो, तुम्हीही वसुबारसेला पहिलं पान गुराख्यालाच वाढा. तो कोणता, हे मात्र गाईला विचारा.