धनेशाची ढोली आणि तिसरा घडा

एका राज्यात उद्याची बातमी आजच कळत असे. तिथला राजा दृढवर्मा याने कालंजर जादूगाराकडून एक आरसा मिळवला होता. त्यात पाहिले की दुसरा दिवस दिसे. दिसलेले टळत मात्र नसे. उद्याची खीर करपणार हे दरबाराला ठाऊक असे, आणि आचारी ती वेळेवर करपवीत असे. राजज्योतिषी बेकार झाले.

आरसा देताना जादूगार म्हणाला होता, "ज्याला उद्या ठाऊक आहे, त्याला पाऊल उचलायची गरज नाही." राजाला ती स्तुती वाटली. बाराव्या वर्षी त्याची पावले दगडाची झाली. राजवैद्यांनी तेल चोळले. दगडाला चकाकी आली, आणि तो गुडघ्यापर्यंत चढला.

राजकन्या इरावती उपाय शोधत नदीकाठच्या रानात गेली. तिथे काशी कुंभारणीच्या अंगणात बेहड्याचे झाड होते, त्यावर धनेश पक्षी बसला होता. त्याची मादी झाडाच्या ढोलीत अंड्यांवर बसली होती. ढोलीचे दार मातीने लिंपलेले, बाहेर चोचीएवढी फट.

धनेश म्हणाला, "लिंपलेल्या मातीआड त्या आरशाला दिसत नाही. आपल्या हाताने घडा घडव, कुंभाराच्या भट्टीत, लिंपलेल्या आव्यात भाज. निवेपर्यंत कुणी आत पाहू नये. त्या घड्यातले पाणी राजाच्या मस्तकावर पडले तर शाप सुटेल. नदी तुला तीनच घड्यांची माती देईल."

"घडा नीट निघेल ना?"

"माझी अंडी नीट फुटतील का, हे मी कुणाला विचारू?"

पहिला घडा तिने दोरीने मोजून घडवला. काशीने गोवऱ्या आणि पेंढा रचून आवा लिंपून दिला. दुसऱ्याच दिवशी इरावतीने लिंपण उकरले. थंड वारा लागताच घडा तडकला.

"राजाची लेक खरी," काशी म्हणाली. दगड कमरेपर्यंत चढल्याची वार्ता आली.

दुसऱ्या वेळी तिने आव्याला बोटाएवढी फट ठेवली. वारा आत शिरला, जाळ एकाच अंगाला भडकला, घड्याची खापरे झाली.

"ढोलीला फट चालते, मग आव्याला का नाही?" तिने विचारले.

"माझी फट आत उंबर द्यायला आहे," धनेश म्हणाला. "बाहेर बातमी आणायला नाही."

दगड छातीला लागला.

तिसऱ्या वेळी तिने दोरी टाकून दिली. माती जिकडे झुकली तिकडे हात झुकू दिला. आवा लिंपला आणि त्याच्याकडे पाठ करून ती झाडाखाली बसली. तीन दिवस ती धनेशाला पाहत होती. तो उंबर आणी, फटीशी धरी. आतून एक चोच येई, उंबर घेई, नाहीशी होई. आत काय चालले आहे ते त्याला दिसत नव्हते, आणि त्याची एकही खेप चुकली नाही. चौथ्या दिवशी आवा निवला, तेव्हा इरावतीने लिंपण फोडले.

राखेतून घडा निघाला. जरा तिरपा होता. पण धुराने आणि जाळाने त्याच्या अंगावर असे काही रेखले होते की काशी हात जोडून उभी राहिली. काळ्यातून तांबडे, तांबड्यातून निळे, जणू पहाट त्यात अडकून राहिली होती. असा रंग काशीच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता, आणि पुन्हा कुणाला साधणार नव्हता.

ती पाणी भरून दरबारात आली. दगड राजाच्या गळ्याशी होता. आरसा धरलेला हात तेवढा मोकळा होता.

"आरशात पुढचे काहीच दिसत नाही," राजा म्हणाला. "मी वाचेन?"

"ठाऊक नाही, तात."

"घडा तरी टिकेल?"

"इथवर टिकला. आता आरसा पालथा घाला."

बारा वर्षांत राजाने आरसा खाली ठेवला नव्हता. त्याने मुलीच्या तोंडाकडे पाहिले, मग घड्याकडे. बराच वेळ पाहिले. आणि आरसा पालथा घातला.

पाणी पडले. दगडाची माती झाली, मातीचे अंग झाले. राजाने पाऊल उचलले, सिंहासनाच्या पहिल्याच पायरीवर ठेचकाळला, आणि हसला.

रानात त्या दिवशी ढोलीचे दार आतून फुटले. ज्योतिषी कामावर परतले आणि त्यांची भाकिते पूर्वीसारखी चुकू लागली. प्रजेला हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी पंगतीत खीर आली, तेव्हा सारा दरबार श्वास रोखून बसला. ती करपली आहे की नाही, हे राजाने बोट चाटेपर्यंत कुणालाही ठाऊक नव्हते.