शिलालेखाखालचं गाढव

शत्रुंजय राजाने सात राज्यं जिंकली आणि आठव्यावर निघण्याआधी 'महान' व्हायचं ठरवलं. दरबारात कोणीच हरकत घेतली नाही, कारण हरकत घेणारे दरबारात उरलेच नव्हते. सातव्या राजधानीच्या वेशीवर शिलालेख उभारायचं ठरलं. तिथल्याच नागोजी पाथरवटाला बोलावणं गेलं.

"माझ्या नावाआधी 'महान' कोर," राजा म्हणाला. "चूक झाली तर हात तोडीन."

"जशी आज्ञा. खाली गाढव कोरू का, महाराज?"

दरबार गार पडला. नागोजीने शांतपणे सांगितलं, "लेख फोडणाऱ्याला शाप म्हणून खाली गाढव कोरायची आमच्याकडे रीत आहे."

"मग कोर की! चांगलं मोठं कोर. नाहीतर हे लोक आठवडाभरात दगड फोडतील."

"बरं. याच वेशीवर आणखी एक दगड आहे, महाराज. इथली विहीर बांधून देणाऱ्या चिमाईचा. माझ्या आज्याने कोरलाय. त्याच्याखाली गाढव नाही. बायका पाण्याला जाताना त्याला रोज हळदकुंकू लावतात."

"गाढव नको," राजा म्हणाला.

"आणि 'महान'?"

राजाने घोडा मागवला.

"नावाआधी जागा मोकळी सोडतो," नागोजी म्हणाला. "दगड टिकला, तर लोकच येऊन कोरून घेतील."

राजा आठव्या राज्यावर निघून गेला. दगड चार दिवस टिकला. चिमाईच्या विहिरीला तीन पायऱ्या कमी होत्या, त्या आता पुऱ्या झाल्या आहेत.