मिठाला जागणारी पलटण

आपल्याच गावच्या होड्या आपल्या हाताने जाळतील असे शिपाई तयार कर, नाहीतर पुढच्या जहाजाने तुझी रवानगी सातासमुद्रापार, असा हुकूम फिरंगी कप्तानाने पदाजीला सोडला. परीक्षा दुसऱ्याच दिवशी!

खाडीवरचा किल्ला जिंकून कप्तानाला वर्ष होत आलं होतं. गोरे शिपाई पहाऱ्याला कंटाळले, म्हणून त्याने खारवडी गावची तरणी पोरं पलटणीत भरली आणि बंदुकीची माहिती असलेल्या पदाजीला त्यांचा उस्ताद नेमलं. कवायत झकास बसली. पण होड्या जाळायच्या म्हणजे पोरांनी आपल्याच घरच्या चुलीत पाणी ओतायचं!

कप्तानाला मराठीतली एकच म्हण यायची: खाल्ल्या मिठाला जागावं. दुभाष्याने कधीतरी शिकवली, आणि दुकानात एकच माल असलेल्या वाण्यासारखा तो गिऱ्हाईक न बघता ती खपवायचा. पोराने बंदूक उलटी धरली तरी तेच, कोंबडीने अंडं दिलं नाही तरी तेच.

पदाजीने रात्री घरी सगळं सांगितलं. त्याची लेक चांगुणा मिठागरात राबायची. हात खारट, जीभ तिखट. ती म्हणाली, "बा, पोरांना म्हणावं, हुकूम झाला की जागचं हलू नका. पुढचं मी बघते."

सकाळी किनाऱ्यावर पलटण उभी राहिली. कप्तानाने होड्यांकडे बोट दाखवून हुकूम दिला. एकही पोर हललं नाही. कप्तान लालबुंद झाला. बेइमान, माझ्या मिठाला जागले नाहीत, असं ओरडत त्याने पदाजीला बेड्या घालायला सांगितलं.

तेवढ्यात चांगुणा पुढे आली. तिने दुभाष्याला मध्ये घेतलं. "साहेबांना विचारा, मिठाला जागायचं म्हणजे कुणाच्या?"

"ज्याचं खाल्लं त्याच्या," कप्तान गुरगुरला.

"मग तुमच्या आचाऱ्याला विचारा, मीठ कुठलं."

आचारी चाचरत म्हणाला, जहाजातलं मीठ केव्हाच संपलं. तेव्हापासून सगळं खारवडीच्या आगरातलंच येतं.

"म्हणजे पोरं जागली की हो," चांगुणा म्हणाली. "ज्या गावचं मीठ खाल्लं, त्याच्या होड्यांना हात लावला नाही."

"किल्ल्यात आलं ते मीठ माझं!"

"विकत घेतलंत?"

कप्तानाने छाती पुढे काढली. "जिंकणारा विकत घेत नाही."

"मग तर तुमचीच पंचाईत झाली साहेब! विकतचं मीठ दाम दिला की फिटतं. फुकटचं मात्र जागूनच फेडावं लागतं." तिने पलटणीकडे हात केला. "ही पोरं तर परीक्षेत उतरली. तुमचं शिक्षण तेवढं राहिलंय. सांगू का आमच्या बाला, तुम्हालाही रांगेत घ्यायला?"

दुभाषी हे सांगताना अडखळला, पण घाम पुसत सांगून मोकळा झाला. मग कप्तान पोट धरून असा हसला की डोक्यावरची पिसांची टोपी वाळूत पडली. ती उचलून त्याने पदाजीच्या डोक्यावर घातली, चांगुणाच्या ओंजळीत मोहरा ओतल्या, आणि पलटणीला नवा हुकूम दिला: आजपासून पहारा या होड्यांवर!