उकिडवेकाकांचं नाक

माझ्या भोपळी नावाच्या मांजरीने दिवाण ओला केला आणि सोसायटीचे अध्यक्ष उकिडवेकाका दारात येऊन गरजले, "रविवारपर्यंत वास गेला नाही, तर मांजर सोसायटीबाहेर!" मी एरवी बेल वाजली तरी दचकते, तेव्हा तर रडायचीच बाकी होते.

दिवाण व्हिनेगरने पुसला, खायचा सोडा भुरभुरला, गाद्या चार दिवस उन्हात टाकल्या. रविवारी काका काकूंसह तपासणीला आले. नाक वर करून घरभर हिंडले आणि दिवाणावरच्या तक्क्यापाशी थबकले.

"हा बघ, इथे मांजराचा वास! माझं नाक फसत नाही. आमचा शेरू सात वर्षं घरात आहे, कुत्र्याचा वास आला कधी?"

"काका," मी चाचरत म्हणाले, "अभ्रा तेवढा काढून बघता?"

आतून शेरूचा लाडका, केसाळ झालेला तक्क्या निघाला. सकाळी काकूंकडून मागून आणलेला.

"आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही ना काका, म्हणून तो माझ्या घरी आणून ठेवला."

काकांचं नाक खाली आलं. काकू मात्र पदराआड हसत म्हणाल्या, "भोपळी राहील गं इथेच. ती व्हिनेगरची बाटली तेवढी यांच्या हातात दे."