रेंजचा दगड

"महाराज, या लोकांना तुम्ही इथून हाकलत का नाही?"

धुंडिनाथ मठाच्या ओट्यावर घेवडा निवडत बसले होते. त्यांनी आधी विचारणाऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागे.

पठाराच्या टोकाला एक काळा, सपाट दगड होता. त्याच्यावर आणि त्याच्याभोवती बरीच माणसं उभी होती. सगळी एकाच वेळी बोलत होती, आणि ओरडून बोलत होती.

"यांना होय?"

"हो. मठ आहे हा. साधनेची जागा."

"खरंय..." धुंडिनाथ म्हणाले. "पण खाली रेंज नाही ना."

त्या सबंध खोऱ्यात फोन लागायचा तो फक्त त्या दगडावर. खालच्या पाड्यांवरची माणसं टेकडी चढून यायची. कुणाला नारायणगावला मजुरीला गेलेल्या लेकाशी बोलायचं असायचं, कुणाला गॅसचा नंबर लावायचा असायचा, कुणी नुसतंच ओटीपीची वाट बघत उभं असायचं. पूर्वेला तोंड केलं की आवाज साफ यायचा, पश्चिमेला वळलं की तुटायचा. कुणीतरी हौसेने त्या दगडाला शेंदूरही लावून ठेवला होता.

विचारणारा गृहस्थ पुण्याचा होता. अजेय दातार त्याचं नाव. एका मोठ्या कंपनीत अधिकारी, हाताखाली देशभर विखुरलेली माणसं. त्यांच्याशी तो दिवसभर फोनवर असायचा. सकाळी सूचना द्यायचा, दुपारी मीटिंगा घ्यायचा आणि संध्याकाळी सकाळच्या सूचनांची आठवण करून द्यायचा. माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं यावर तो कंपनीत व्याख्यानंही द्यायचा, आणि ती चांगली रंगायची.

एके दिवशी त्याला स्वतःच्याच आवाजाचा वीट आला. त्याने लांबलचक रजा टाकली आणि सगळ्यांना एकच निरोप धाडला, मी मौनात जातोय, फोन करू नका.

बायको म्हणाली, "बरं." कोल्हापूरला शिकणाऱ्या मुलीने, ऋजुताने, नुसता अंगठा पाठवला.

तो अंगठा त्याला लागला होता. पण ते त्याने महाराजांना सांगितलं नाही. बसच्या कंडक्टरला, चहावाल्याला आणि वाट दाखवणाऱ्या गुराख्याला जे सांगितलं, तेच इथेही सांगितलं.

"महाराज, मी फोन सोडला."

"कुठे सोडला?"

अजेयने पिशवीतून फोन काढला आणि त्यांच्या पायाशी ठेवला. "हा तुमच्या चरणी."

धुंडिनाथांनी हात पुसले. फोन उचलून उलटसुलट करून पाहिला.

"चांगला आहे. याचं कुलूप काढ."

"अं?"

"कुलूप रे. काढून दे."

अजेयने काढून दिलं. महाराज उठले, दगडाशी गेले आणि लोकांना म्हणाले, "ज्याचा फोन बंद पडला असेल त्याने हा घ्या. पुण्याच्या साहेबांनी दिलाय."

पाड्यांवर वीज नव्हती, वाऱ्याने खांब पडले होते. मठातल्या छोट्या सौरपाटीवर रोज जेमतेम एक फोन चार्ज व्हायचा. लगेच चारी बाजूंनी हात पुढे आले.

महाराज ओट्याकडे परतले तसा अजेय म्हणाला, "महाराज, मी इथे मौन शिकायला आलोय."

"मग घे की. आतापासून. मी सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही."

अजेयला बरं वाटलं. त्याने पिशवी उचलली. "मागे गुहा दिसली. तिथे बसू का?"

"गुहेत कशाला? तिथे कोण येतंय बोलायला... दगडाशी बस. म्हाताऱ्यांना नंबर लावता येत नाहीत, ते लावून दे."

"न बोलता?"

"हे बोललास," धुंडिनाथ म्हणाले, आणि पुन्हा घेवडा निवडायला बसले.

सुरुवातीला अजेयचे फार हाल झाले. समोर एक म्हातारा फोन उलटा धरून बोलत होता. एक बाई बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या कुणाला तरी आपला पत्ता सांगू लागली होती. सांगण्यासारखं इतकं होतं, आणि सांगता येत नव्हतं. तो हातवारे करायचा. म्हाताऱ्याच्या हातातला फोन सुलटा करून द्यायचा. त्या बाईसमोर तर त्याने दोन्ही हात जोडले, तेव्हा कुठे तिने फोन ठेवला.

"मुका आहे बिचारा," लोक म्हणू लागले.

त्यामुळे सगळे त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचे. कुणी हातावर काकडीची फोड ठेवायचं, कुणी जाताना पाठीवरून हात फिरवायचं. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या पाठीवरून गेल्या कित्येक वर्षांत कुणी हात फिरवला नव्हता.

एका दुपारी त्याचा फोन खालच्या पाड्यावरच्या ठमाबाई भांगरेच्या हातात होता. तेवढ्यात तो वाजला. तिने सरळ कानाला लावला.

"सर? मी कुणाल बोलतोय. तुम्ही नको म्हणाला होतात, पण फार तातडीचं आहे."

तो आवाज अजेयलाही ऐकू आला. तो ताडकन उभा राहिला.

"कोण पाहिजे?" ठमाबाईने विचारलं.

"दातार सर... आहेत का?"

तिने अजेयकडे पाहिलं. "हाये की, इथंच हाये. पण तो मुका हाये."

"मुका?" कुणाल म्हणाला.

"व्हय. तुमचं काय अडलंय, ते मला सांगा."

आणि कुणालने खरंच सांगितलं. माणूस फार घाबरलेला असावा. ठमाबाई मान हलवत ऐकत राहिली. अधूनमधून "हूं" म्हणायची. अजेय तिच्यापुढे दोन्ही हात नाचवत होता. तिने त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

"सगळं ऐकलं," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला काय वाटतंय, काय करावं?"

कुणालने काहीतरी सांगितलं.

"मग तसंच करा की."

तिने फोन ठेवला आणि अजेयला म्हणाली, "झालं त्याचं. चांगलं पोरगं हाये."

दुसऱ्या दिवशी कुणालचा मेसेज आला. काम मार्गी लागलं होतं. खाली लिहिलं होतं, "सर, मॅडमना माझे आभार सांगा."

अजेयने तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. त्याला राग यायला हवा होता. पण त्याला एकदम हसू फुटलं आणि आवाज न करता हसावं लागल्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठमाबाई रोज दिवस कलला की यायची. तिची लेक यसू नारायणगावला राहायची. अजेयने नंबर लावून दिला की ती फोन कानाला लावून दगडावर फतकल मारून बसायची. बोलायची मात्र नाही. नुसती समोरच्या डोंगराकडे बघत राहायची. कधी मधेच हसायची.

अजेयला वाटलं, फोन तुटत असेल आणि हिला कळत नसेल. त्याने खुणेने विचारलं, फोन लागलाय का?

ठमाबाईने फोन त्याच्या कानाला लावला.

थप थप थप... थप थप...

मग भांडं सरकवल्याचा आवाज आला. एक लहान मूल किरकिरलं, गप्प झालं. पुन्हा थप थप थप...

"यसू भाकऱ्या थापतीय," ठमाबाई म्हणाली. "फोन चुलीपाशी ठेवती माझ्यासाठी. बोलायचं ते तर कधीच बोलून झालंय... आता हे ऐकलं की तिच्या घरात बसल्यावाणी वाटतं."

अजेयने फोन तिला परत दिला. पुढच्या माणसाने लावायचा नंबर सांगितला, तो त्याला ऐकूच गेला नाही.

अंधार पडायच्या आत तो मठाच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"काय रे?" धुंडिनाथांनी विचारलं.

अजेयने आधी फोन दाखवला. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग एवढीशी मुलगी दाखवावी तसा हात कमरेशी धरला... आणि थोडा थांबून तो हात हळूहळू वर, खांद्यापर्यंत नेला.

"लेक?"

त्याने मान हलवली.

"फोन करायचाय तिला?"

त्याने पुन्हा मान हलवली. मग ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले. मौन सोडायची परवानगी हवी होती.

"मौन कशाला सोडतोस?" धुंडिनाथ म्हणाले. "फोन लाव."

महाराज दिव्याची वात वळायला लागले.

तो दगडावर गेला. पूर्वेला तोंड करून नंबर लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं.

"बाबा?" ऋजुताचा आवाज घाबरा होता. "काय झालं? तुम्ही तर फोन करणार नव्हतात."

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"हॅलो? बाबा, आहात ना?"

त्याने नखाने फोनवर टिचकी मारली. टक.

"मौन चालू आहे?"

टक.

"म्हणजे तुम्ही मौनात फोन केलाय?" ती हसायला लागली. "बरे आहात ना? हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा."

टक.

"जेवलात?"

टक टक.

"मग काही सांगायचं होतं का? कामाचं?"

अजेयने विचार केला. टक टक.

"काहीच नाही सांगायचं?"

टक टक.

तिच्यामागे होस्टेलच्या मेसमध्ये ताटं आपटत होती. इकडे दगडाभोवतीची माणसं नेहमीसारखी ओरडत होती.

"मग... मी सांगू?"

टक.

ती आधी इकडचं तिकडचं सांगत राहिली. मैत्रिणीची स्कूटर शिकताना ती स्वतःच रंकाळ्यावर पडली, हनुवटीला खोक पडली. खोलीतली मुलगी झोपेत कानडी बोलते. मेसमधली आमटी सोमवारी जशी असते तशीच शनिवारी असते. मग ती अडखळली.

"बाबा, मी एका विषयात नापास झालेय. खूप दिवस झाले... आईलाही नाही सांगितलं."

अजेयच्या तोंडात सगळं तयार होतं. कुठलं पुस्तक घ्यायचं, किती वाजता उठायचं, कुणाचा क्लास लावायचा. शब्द दातांपर्यंत आले. तो खाली दगडावर बसला आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

"एरवी तुम्ही आत्ता मला वेळापत्रक पाठवलं असतंत," ती म्हणाली. "रंगीत."

टक.

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. त्याने रडू दिलं. दुसरं काही त्याला करताच येत नव्हतं.

आपल्या आजूबाजूला शांत झालंय, हे त्याला उशिरा जाणवलं. त्याने वळून पाहिलं. माणसं फोन खाली धरून उभी होती. ठमाबाई तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना दटावत होती. "हळू बोला रं. मुक्याचा फोन चाललाय."

"विषय तसा अवघड नाहीये," ऋजुता नाक पुसत म्हणत होती. "मीच घाबरून वर्गात बसत नव्हते. सर चांगले आहेत. उद्या जाऊन भेटते त्यांना... आणि आईलाही सांगते आज. हे मी आत्ताच ठरवलं, तुमच्याशी बोलता बोलता. ऐकताय ना अजून?"

टक.

"बाबा, पुन्हा करा फोन. असाच करा."

सकाळी अजेय पिशवी भरून ओट्यापाशी आला. धुंडिनाथ झाडत होते.

"बोल आता," ते म्हणाले.

अजेयने बोलायचा प्रयत्न केला. घसा बसला होता.

"काय म्हणाली लेक?"

"सगळं म्हणाली."

"आणि तू?"

"काहीच नाही, महाराज." त्याने पिशवी खाली ठेवली. "महाराज, हे मौन मी... म्हणजे याचा अर्थ..."

धुंडिनाथांनी केरसुणी भिंतीला टेकवली. मठातून त्याचा फोन आणून त्याच्या हातात दिला. खाली पाड्यांवर वीज आली होती, आता लोकांना तो लागणार नव्हता.

"कुठे जाणार?"

"कोल्हापूरला. तिला सांगितलेलं नाही. नुसता जाऊन बसणार आहे तिच्यापाशी."

अजेय पाया पडला. महाराज त्याच्याबरोबर पठाराच्या कडेपर्यंत चालत आले. तिथून पायवाट एकदम खाली उतरत होती आणि खाली रस्त्यावर एसटी उभी असलेली दिसत होती. अजेय घाईने उतरू लागला. धुंडिनाथांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"सावकाश उतर," ते म्हणाले. "काठोकाठ भरलंय. हिंदकळेल."