पाच पायांचा घोडा

खिंड उतरून उंबरदऱ्यात येताना समोरच्या बोडक्या डोंगरावर पांढरा घोडा दिसला ना? बाहेरची माणसं त्याचे पाय मोजतात आणि हसतात. पाच भरतात. हसू द्या. लहानपणी आम्हीही हसायचो. पण त्याची गोष्ट ऐकल्याशिवाय आमच्या गावातलं पोर दसऱ्याचं सोनं लुटायला जात नाही, तेव्हा जरा टेका इथे.

फार वर्षांपूर्वी, गावात एसटी यायची होती आणि देशातून साहेब जायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. गावात गोजरा नावाची बाई होती. नवरा तापानं गेला, पदरात चार वर्षांची ठकू. गोजरा घाटमाथ्यावर एका साहेबाच्या बंगल्यात आया म्हणून राहिली. साहेबाचं कुटुंब विलायतेला निघालं, तेव्हा बोटीवर मूल सांभाळायला मडमेनं गोजराला बरोबर घेतलं. गोजरानं ठकूला नणंदेच्या, भिमाच्या, ओटीत घातलं आणि सांगितलं, "रडू नगं. दसऱ्याला येते."

असं म्हणतात, ठकू वेशीपर्यंत मागे धावली आणि मग तिथेच खाली बसली.

तो दसरा गेला. मडम म्हणाली, पुढच्या साली पाठवते. पुढच्या साली म्हणाली, पुढच्या साली. अशी सात वर्षं गेली. परक्या मुलखात एकटी बाई करणार काय? तिच्या खिडकीतून एक डोंगर दिसायचा आणि त्या डोंगरावर शेताएवढा पांढरा घोडा. तिथली जमीन आतून खडूसारखी पांढरी, वरचं गवत सोललं की झालं चित्र. मधूनमधून सगळं गाव पोराटोरांसकट वर चढायचं आणि घोड्यावरचं गवत खुरपून काढायचं, नाहीतर घोडा गवतात बुडायचा. गोजराही गेली होती एकदा खुरपायला. रोज सकाळी ती त्या घोड्याला हात जोडायची, "बाबा, मला माझ्या ठकूकडं न्हे." शेवटी हिंदुस्थानात येणाऱ्या दुसऱ्या एका मडमेला आया हवी होती, म्हणून ती परत आली. घोड्यानंच धाडलं, असं म्हणतात.

आली ती नेमकी दसऱ्याला, पण सात दसरे उशिरा. ठकू आता अकरा वर्षांची. ती भिमाच्या पाठीमागे लपली आणि म्हणाली, "आत्ये, ह्या कोन?"

सख्ख्या आईला कुणी अहो-जाहो करतं का? ठकू करायची. "जेवायला चला," म्हणायची. "तुमचं लुगडं वाळलंय," म्हणायची. आई म्हणून हाक काही तोंडातून निघत नव्हती. गोजरा तो घास गिळायची आणि पाणी प्यायची.

गावची पोरं मात्र तिला चिकटली. विलायतेत काय काय पाहिलं ते ती पारावर बसून सांगायची. तिकडे समुद्राच्या वाळूवर पोरं गाढवावर बसून रपेट मारतात. लांब नाकाचा लाकडी बाहुला काठीनं सगळ्यांना बडवतो आणि पोरं हसून लोळतात. साखरेची कांडी मिळते, तिच्यात गावाचं नाव आरपार असतं, कुठूनही चावा, नाव तेच. एका दिवशी तर बायका हातात तवा घेऊन घावनं उडवत पळतात! हिरड्याला भोक पाडून, दोरीत ओवून, एकमेकांच्या हिरड्यावर आपटून फोडायचा खेळ तिनंच इथे आणला. तिकडे दुसरी कसली तरी फळं असतात, ती इथे कुठली मिळायला! आमच्या वेळी शाळेत जाताना माझा परकराचा ओचा हिरड्यांनी जड असायचा. अकरा फोडलेला माझा एक हिरडा होता. गुरुजींनी तो खिडकीबाहेर भिरकावला, त्याचं दुःख मला अजून आहे.

तर एकदा गोजरा त्या घोड्याचं सांगत होती. ठकू लांब उभी होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "समदं खोटं हाय. दसऱ्याला येते म्हनाल्या व्हत्या, आल्या का? आन म्हनं डोंगराएवढा घोडा!"

गोजरा उठली, पदर खोचला. "दावते," म्हणाली. "फुडल्या दसऱ्याला दावते."

आता ही तारीख चुकली असती तर ठकू तिला कायमची गेली असती. हे तिलाही ठाऊक होतं आणि गावालाही.

पाऊस सरल्यावर खुरपं घेऊन ती बोडक्यावर चढली. गवत सोललं, तर खाली तांबडी माती! विलायतेची जमीन इथे कुठून येणार? खालून लोक म्हणाले, डोंगराला गळू झालंय. तिनं ऐकून घेतलं आणि ओढ्यातल्या गारगोट्या वेचायला लागली. मग पोरंही पाट्या घेऊन आली, मागून त्यांच्या आया आल्या. भट्टीवरून चुना आणला. वरच्या आळीला दोन पाय दिले, खालच्या आळीला दोन. पण उचललेला पुढचा पाय मानाचा, तो आमचा, असं दोन्ही आळ्या म्हणाल्या आणि दोघींनीही तो मांडला. झाले पाच. एक आळी दगड उचलेना की दुसरी उचलेना. पंच बसले, पंचांचंही आपसात जुंपलं. शेवटी गोजरा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आपला डोंगर चढाचा हाय, पाचवा पाय लागंलच."

पायांचं निभलं, पण मान जमेना. डोंगरावर उभं राहिलं की पायाखाली नुसते दगड दिसतात, घोडा दिसतो तो खालून. गोजरा चार दगड मांडायची, धावत पायथ्याच्या तळ्यापर्यंत उतरायची, बघायची, पुन्हा चढायची. दिवसातून पाच-सहा खेपा. गुडघे सुजले. आणि त्या सगळ्या दिवसांत ठकू दाराच्या चौकटीला टेकून डोंगराकडे बघायची. डोळा हटवायची नाही.

दसरा आला. दिवस कलायला लागला, अख्खं गाव तळ्याच्या काठावर जमलं. वर एकटी गोजरा. तिच्या हातात शेवटचा धोंडा, मानेच्या वळणाचा. तो कुठे ठेवावा हे तिला कळेना आणि खाली उतरून बघायचं बळ पायांत उरलं नव्हतं. एका जागी ठेवला. खाली पोरं ओरडली, "शेळी! शेळी!" तिनं उचलून दुसरीकडे ठेवला. माणसं तोंडाला उपरणं लावून हसायला लागली. गोजरानं धोंडा पुन्हा उचलला आणि तशीच उभी राहिली.

तेव्हा गर्दीतून ठकू पुढे आली. तळ्याच्या पाण्यात गुडघाभर शिरली आणि जीव खाऊन ओरडली,

"आये, डावीकडं घे!"

असं म्हणतात, वारा पडला. तळ्यावरचे बगळे उडता उडता थांबले. बोडक्यानं ती हाक सात वेळा परत दिली. मी मोजली आहे, तीनच वेळा येते, पण त्या दिवशी सात वेळा आली असेल, मी नाही म्हणणार नाही.

वरून गोजरानं विचारलं, "काय म्हनालीस?"

"आये, डावीकडं!"

"काय गं?"

"आये! डावीकडं घे की गं!"

गोजराला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, हे तिनं म्हातारपणी कबूल केलं. तिनं धोंडा डावीकडे ठेवला. शेळीचा घोडा झाला. त्यानं कान हलवला, हे पाहिलेली माणसं माझ्या आजीच्या वेळेपर्यंत होती.

गोजरा पुढे खूप जगली. गाव तिला गोजराई म्हणायला लागलं. ती गेली त्या पहाटे तळ्याच्या चिखलात घोड्याच्या टापा उमटल्या होत्या, असं म्हणतात. एका वेळी पाच.

अजूनही दसऱ्याला आमच्या गावच्या आया खुरपी आणि चुन्याच्या बादल्या घेऊन बोडक्यावर चढतात. वर्षाचं गवत काढतात, गारगोट्या पांढऱ्या करतात. खाली तळ्याच्या पाण्यात बारा वर्षांची एक पोर उभी राहते. मानेचा धोंडा हातात घेऊन वर तिची आई उभी असते. पोर हाक मारते, आई धोंडा इवलासा डावीकडे ठेवते. त्यामुळे घोडा दर वर्षी थोडा डावीकडे सरकतो. एक दिवस तो खिंडीतून बाहेर पडेल, असं म्हातारे म्हणतात. मग आम्ही सगळे त्याच्या मागे जाऊ.

माझ्या वेळी मी हाक मारली, तेव्हा वर माझी आई होती. तिनं तीनदा विचारलं. बहिरी आहे की काय, म्हणून मी चिडले होते. आता ती नाही.

गेल्या दसऱ्याला धोंडा माझ्या हातात होता. खाली पाण्यात माझी लेक एवढीशी दिसत होती. तिची पहिलीच हाक मला लख्ख ऐकू आली.

मी ओरडले, "काय म्हनालीस?"