शेवूने परत केलेला वर

शेवूच्या चिमुकल्या हातांना नेहमी उडदाच्या पिठाचा वास यायचा. तिची आई लोकांचे पापड लाटायची आणि चौथीतली शेवू शाळेआधी तिला इवल्या इवल्या लाट्या करून द्यायची. बाबा देवाघरी गेले होते.

"शीक गं बायो, पहिली ये," आई म्हणायची. "नाहीतर जन्मभर हे लाटणं आहेच."

शेवू हुशार होती. पण स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली आणि लोखंडे बाईंनी खेळाचा तासच बंद केला. हुशार मुलं पुढच्या बाकांवर, बाकीची मागे. पुढच्यांनी मागच्यांशी बोलायचं नाही, डबासुद्धा वेगळा खायचा. शेवू पुढे आली, तिची जिवाभावाची सकीना मागे गेली.

एका दुपारी शाळेच्या परसबागेत शेवूला काहीतरी चमचमताना दिसलं. बोटाएवढी परी! तिचा मोरपंखी पंख वालाच्या वेलात गुरफटला होता. तेवढ्यात घंटा झाली.

"जा तू, बाई रागावतील," परी हळूच म्हणाली.

"अशी कशी जाऊ? ओढला तर फाटेल. हलू नकोस हं."

शेवूने एकेक हिरवा तंतू अलगद उलगडला. पंख सुटला आणि वेलावर सोनेरी कण सांडले. परीने तिला चांदीची नाजूक पाकळी दिली.

"ही कपाळाला लाव. वाचलेलं सगळं लक्षात राहील, पहिला नंबर तुझाच. पण नियम आहे. प्रत्येक धड्यामागे एक खेळगडी विसरशील."

"असला कसला नियम? कुणी केला?"

"मी तुमच्याच शाळेत राहते गं. इथेच शिकले."

शेवूला आईचे लाटून लाटून घट्टे पडलेले हात आठवले. एकदाच लावून बघू, असं म्हणून तिने पाकळी कपाळाला टेकवली. वर्गात एकोणतिसाचा पाढा तिच्या तोंडून झऱ्यासारखा वाहिला. बाईंनी पाठ थोपटली.

शाळा सुटल्यावर दोन वेण्यांची एक मुलगी धावत आली. "ए शेवे, बाई गेल्या! चल ठिकरी खेळू."

"तू कोण?"

"पुरे हं नाटकं, पुढच्या बाकाची राणी!"

"खरंच, नाव काय तुझं?"

त्या मुलीचं हसू मावळलं. हातातली ठिकरी तिथेच टाकून ती निघून गेली.

शेवू रडत परसबागेत पळाली. "घे ही पाकळी! मला नको!"

"मला परत घेता येत नाही," परी म्हणाली. "तुला ज्यांची सर्वांत जास्त भीती वाटते, त्यांच्यासमोर उभं राहून नको म्हण. मगच वर सुटेल. पहिला नंबरही जाईल."

दुसऱ्या दिवशी भर वर्गात शेवू उभी राहिली. पाय लटपटत होते.

"बाई, खेळाचा तास परत सुरू करा."

"पहिला नंबर नको का तुला?" बाई कडाडल्या. "आईचा तरी विचार कर!"

"हवाय, बाई. पहाटे उठून अभ्यास करीन. पण मैत्रिणीशी न बोलता मिळणारा नंबर मला नको. नको म्हणजे नको!"

तिने दप्तर उचललं आणि ती थेट शेवटच्या बाकाशी गेली. "सरक ना, सकीना."

नाव आपोआप ओठांवर आलं होतं!

"आठवलं वाटतं राणीसाहेबांना?" सकीना फुरंगटून म्हणाली. पण सरकली.

मग पुढचं आणखी एक दप्तर उठलं. मग दुसरं, तिसरं. पुढचे बाक रिकामे झाले.

"उलट बोलायला कधी शिकलीस गं?"

"कालपासून, बाई."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. "कोण ते? तू... तू गं..." बाई अडखळल्या. त्या मुलीचं नाव त्यांना आठवेना. तीन महिन्यांत त्यांनी तिला एकदाही हाक मारली नव्हती.

"मी वच्छी, बाई."

बाईंनी पुढच्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं. मग स्वतः जाऊन त्यांनी घंटा वाजवली. "चला, सगळे मैदानावर!"

परीक्षेत शेवूचा नंबर चौथा आला. स्कॉलरशिपच्या यादीत अगदी खाली सकीनाचंही नाव होतं. दोघी ठिकरीच्या घरांतून उड्या मारत पाढे म्हणायच्या ना! आईला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण लेक तिला मैदानावरून खिदळत येताना दिसली, आणि कितीतरी दिवसांनी आईही हसली.

परसबागेत परी निघायच्या तयारीत होती.

"कुठे चाललीस?"

"पलीकडच्या गावातल्या शाळेत. तिथेही खेळाचा तास बंद केलाय म्हणे."

"मग तिथल्या मुलांना माझा निरोप सांग," शेवू म्हणाली. "म्हणावं, पाय लटपटले तरी चालतील. उभं राहायचं."

परी खळखळून हसली. गुलाबी, जांभळा, सोनेरी उजेड परसबागभर फुलला आणि त्या उजेडातच ती दिसेनाशी झाली.